चेंडू कोण मोजतो? शाळकरी वेगवान गोलंदाजांची पाठ, धावणाऱ्यांची मांडी आणि उडी मारून उतरणाऱ्यांचे गुडघे

मैदानावरचा_मास्तर

नमस्कार. गेली अठरा वर्षे मी मुंबईच्या आझाद मैदान आणि क्रॉस मैदान या दोन ठिकाणी शाळकरी मुलांना वेगवान गोलंदाजी शिकवतो आहे. या हंगामात माझ्याकडे येणाऱ्या सोळा वर्षांखालील तीन मुलांच्या कमरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेली भेग, निघाले. तिघेही उजव्या हाताचे गोलंदाज आहेत आणि तिघांचेही दुखणे कमरेच्या डाव्या बाजूला आहे. दुसऱ्या मुलाच्या वेळीही मी योगायोग म्हणून सोडून दिले. तिसऱ्याच्या वेळी तशी सोय उरली नाही. म्हणून गेले चार महिने या विषयावरचे संशोधन जमेल तसे वाचून काढले आणि ते इथल्या जाणकारांपुढे मांडावे असे वाटले.

डावीच बाजू का, हे आधी सांगतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा डावा पाय क्रीजमध्ये आदळतो, त्या क्षणी जमीन त्या पायाला उलट धक्का देते. फोर्स प्लेट म्हणजे पाय आदळल्याचा जोर मोजणारी पाटी; तिच्यावर मोजलेला हा धक्का वेगवान गोलंदाजांमध्ये शरीराच्या वजनाच्या साधारण पाच ते नऊ पट भरतो. पंचावन्न किलोच्या मुलासाठी सहा पट धरले, तरी तो भार सव्वातीनशे किलोच्या पुढे जातो. नेमक्या त्याच वेळी धड मागे झुकलेले असते, डावीकडे कललेले असते आणि पिळवटतही असते. मणक्याच्या मागच्या भागात हाडाचा एक अरुंद पूल असतो, त्याला डॉक्टर पार्स म्हणतात. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांतला डावीकडचा पार्स या तिहेरी हालचालीत चिमटला जातो. शाळकरी वयात हे हाड अजून पक्के झालेले नसते. कमरेच्या मणक्यांची घनता विशी उलटेपर्यंत वाढतच असते.

ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज डेनिस लिली यांना १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात हेच दुखणे जडले होते, आणि पुढे १९८७ पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्यांनी आपल्या देशातल्या गोलंदाजांच्या दोन पिढ्या घडवल्या. जसप्रीत बुमराहच्या पाठीचे २०१९ पासूनचे दुखणे तर आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा हे दुखणे नवे नाही आणि अज्ञातही नाही. तरीही आमच्या मैदानावर ते दरवर्षी नव्याने उगवते.

तिसऱ्या मुलाचे निदान झाल्यावर मी त्याला समोर बसवून एका आठवड्याचा हिशेब वहीत मांडला. माझ्या नेटमध्ये १४४ चेंडू. शाळेच्या सरावात १२०. क्लबच्या सामन्यात १४ षटके, म्हणजे ८४. रविवारी ओळखीतल्या एका कंपनीच्या संघाला माणूस कमी पडला म्हणून आणखी ६०. बेरीज ४०८. यातला प्रत्येक आकडा आपापल्या ठिकाणी माफकच होता. शाळेच्या सरांनी काही चुकीचे केले असे मला म्हणता येत नाही, क्लबच्या कप्तानानेही नाही. चूक एवढीच, की ती बेरीज आम्ही चौघांपैकी कोणीही केली नव्हती आणि पंधरा वर्षांच्या मुलाने ती स्वतः करावी अशी अपेक्षाच नव्हती.

माझा प्रश्न असा आहे. आपल्याकडे फोर्स प्लेट नाही, बारा कॅमेऱ्यांची प्रयोगशाळा नाही. आहे ते मैदान, एक मोबाइल आणि एक वही. जैवयांत्रिकीच्या, म्हणजे शरीराच्या हालचाली आणि त्यांतल्या भारांच्या, संशोधनातले नेमके काय आपण एवढ्यावर वापरू शकतो? केवळ क्रिकेटपुरते नको. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स शिकवणाऱ्यांनीही लिहावे.

दादरची_फिजिओ

मास्तर, तुम्ही ती बेरीज मांडलीत याबद्दल आधी आभार. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारते आणि दहातल्या नऊ वेळा घरच्यांना उत्तर देता येत नाही.

हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. जर्मन शल्यविशारद ज्युलियस वुल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलत जाते. पण या बदलाचा एक क्रम आहे आणि तोच मुलांच्या मुळावर येतो. भार वाढला की शरीर आधी थकलेला भाग काढून टाकते आणि मग तिथे नवे हाड भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरून पक्के होण्याला काही महिने लागतात. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कमकुवत असते. नेमक्या त्या आठवड्यांत मुलगा जोमात असतो, त्याचा वेग वाढलेला असतो, सर्वांना तो आवडू लागलेला असतो आणि म्हणून प्रत्येक कप्तान त्याच्या हाती चेंडू देतो.

विश्रांतीचे दिवस किती असावेत, यावर ऑस्ट्रेलियात किशोरवयीन ४४ वेगवान गोलंदाजांचा एका हंगामभर अभ्यास झाला होता आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एक चतुर्थांश मुलांना दुखापत झाली. ज्यांच्या दोन गोलंदाजीच्या दिवसांमध्ये सरासरी साडेतीन दिवसांपेक्षा कमी अंतर होते, त्यांचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षे मुलांसाठी मर्यादा घालून दिल्या होत्या: तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये (सलग टाकण्याच्या एका टप्प्यात) ५ आणि दिवसात १० षटके, चौदा-पंधराव्या वर्षी ६ आणि १२, सोळा-सतराव्या वर्षी ७ आणि १८. तुमच्या विद्यार्थ्याचा १४ षटकांचा एक सामनाच ही मर्यादा ओलांडतो, बाकीचे तीन हिशेब बाजूला ठेवले तरी.

लक्षण कसे ओळखावे, हेही लिहिते. अशा मुलाला चेंडू उचलायला वाकताना फारसे दुखत नाही. उचलून सरळ होताना, पाठ मागे जाते तेव्हा तो हात डाव्या कमरेवर ठेवतो, एकाच जागी, अंगठ्याने दाखवता येईल एवढ्या जागेवर. टाकण्याच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, एका बोटाएवढ्या जागेवर दुखत असेल आणि ते गोलंदाजीनंतर वाढत असेल, तर त्या दिवशी गोलंदाजी थांबवावी. एक्स-रेवर विसंबू नये. सुरुवातीच्या टप्प्यात तो बहुतेक वेळा स्वच्छ येतो. एमआरआयमध्ये मात्र हाडाला भेग पडण्याआधीची सूजही दिसते, आणि त्या टप्प्यावर थांबले तर मुलगा पुष्कळ लवकर परत येतो.

वसईची_आई

ताई, तुम्ही लिहिलेले वाचताना हात थरथरत होते, कारण माझ्या मुलाच्या बाबतीत हे सगळे असेच घडले. तो वसईहून चर्चगेटला जातो. पहाटेच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही, किटबॅग एका खांद्यावर, म्हणजे तासाभराहून अधिक वेळ एकाच बाजूला वजन घेऊन उभे राहायचे आणि उतरल्यावर लगेच धावायचे. मागच्या मे महिन्यात तो ज्या शिबिरात जात होता तिथे त्याने पाठ दुखते असे सांगितले, तेव्हा "वेगवान गोलंदाजाची पाठ दुखणारच, सवय कर" असे उत्तर मिळाले. आम्ही एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला, आणि आम्हाला वाटले की मुलगा कंटाळा करतो आहे. त्याचे वडील त्याला रागावले. त्यानंतर तो दोन महिने काही न बोलता टाकत राहिला.

जुलैत त्याला पायमोजे घालायला बसावे लागते हे मी पाहिले, तेव्हा कुठे एमआरआय झाला. दोन्ही बाजूंना भेग निघाली. आता आठ महिने झाले आहेत. तो बरा होतो आहे, परंतु त्या दोन महिन्यांचे मला फार वाईट वाटते, कारण त्याने आम्हाला सांगितले होते.

मैदानावरचा_मास्तर

ताई, ते वाक्य मीही पूर्वी मुलांना ऐकवले आहे. तुमच्या मुलाला ज्यांनी ते ऐकवले ते मी नव्हे, पण मी असू शकलो असतो. माझ्या तरुणपणी आम्हाला असेच सांगितले जाई आणि आमच्यातले जे टिकले ते पुढे प्रशिक्षक झाले. जे टिकले नाहीत त्यांना कोणी विचारले नाही. त्यामुळे ती समजूत पुढे चालत राहिली.

तुम्ही मे आणि जुलै लिहिलेत, म्हणून मी माझ्या वहीतल्या तिन्ही मुलांच्या तारखा पुन्हा पाहिल्या. दोघांचे दुखणे मे महिन्यात सुरू झाले आणि एकाचे जुलैच्या अखेरीस. मुंबईचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, तेव्हा मुलगा एकही चेंडू टाकत नाही. एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिर सुरू होते आणि पहिल्याच आठवड्यात तो सहा दिवस, रोज ४८ चेंडू टाकतो, म्हणजे शून्यावरून थेट २८८. जूनमध्ये पाऊस लागतो, मैदाने बंद, पुन्हा शून्य. मग कांगा लीग. ही स्पर्धा १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात भरवली जाते आणि मुंबईच्या फलंदाजांचे तंत्र तिने घडवले हे खरेच आहे. परंतु गोलंदाज मात्र तिथे महिनाभराच्या विश्रांतीनंतर, भुसा टाकलेल्या ओल्या रनअपवर, एकदम सामन्याच्या जोराने उतरतो. म्हणजे वर्षातून दोन वेळा आपण त्यांना शून्यावरून पूर्ण भारावर चढवतो, आणि फिजिओताईंनी सांगितलेला हाड भरण्याचा काळ मध्ये कुठेच बसत नाही.

आकडेमोड

हे निरीक्षण संशोधनाशी जुळते. २०१४ मध्ये अव्वल दर्जाच्या वेगवान गोलंदाजांवर झालेल्या एका अभ्यासात, मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या तुलनेत चालू आठवड्याचा भार एकदम वाढला, तर पुढच्या आठवड्यात दुखापतीचा धोका वाढतो असे आढळले. त्यातून गुणोत्तराची पद्धत प्रसिद्ध झाली: चालू आठवडा भागिले चार आठवड्यांची सरासरी, आणि हे उत्तर ०.८ ते १.३ च्या दरम्यान राहावे.

मात्र हे गुणोत्तर वापरताना सावध राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. नेहमीच्या रीतीत चालू आठवडा त्या चार आठवड्यांच्या सरासरीतही मोजला जातो. आधीचे तीन आठवडे शून्य असतील आणि या आठवड्यात २८८ चेंडू टाकले असतील, तर सरासरी ७२ आणि गुणोत्तर ४ येते. पण २८८ ऐवजी २४ टाकले असते तरी सरासरी ६ आणि गुणोत्तर ४ च आले असते. म्हणजे जिथे धोका सर्वांत मोठा, तिथेच हे गणित चोवीस आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी यांत फरक करत नाही. फ्रँको इम्पेलिझ्झेरी आणि इतर संशोधकांनी या गुणोत्तरावर असे अनेक आक्षेप घेतले आहेत. माझे मत असे, की मैदानावर गुणोत्तर काढूच नये. आठवड्याचे चेंडू एका रकान्यात लिहावेत आणि तो रकाना वरून खाली नुसता पाहावा. ० च्या खाली २८८ दिसले, तर भागाकाराची गरज पडत नाही.

दादरची_फिजिओ

सहमत आहे. परीक्षेनंतर माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात दोन दिवस, प्रत्येकी २४ चेंडू, तेही पूर्ण जोराने नव्हे, असे सांगते, आणि सहा-सात आठवड्यांत नेहमीच्या भारावर आणते. याचा अर्थ शिबिराचा बराचसा काळ तो मुलगा कमी टाकणार. त्या वेळात ताकदीचा सराव करता येतो.

पवईचा_अभियंता

मास्तरांनी मोबाइलचा उल्लेख केला, त्यावर लिहितो. मी क्रीडाक्षेत्रातला नाही, परंतु माझी मुलगी व्हॉलीबॉल खेळते आणि मोजमाप हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

उडीची उंची मोजायला फोर्स प्लेट लागत नाही. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ चित्रफितीवर मोजावा, त्याचा वर्ग करावा, ९.८१ ने गुणावे आणि ८ ने भागावे. अर्धा सेकंद हवेत राहिले तर उडी जवळपास ३१ सेंटीमीटर भरते. आता साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रे असतात. एका चित्राची चूक झाली तर उत्तर ४ सेंटीमीटरने चुकते, म्हणजे दोन महिन्यांची मेहनत त्या चुकीत बुडून जाईल. तेच स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रांवर, एका चित्राची चूक अर्ध्या सेंटीमीटरची असते. दर सोमवारी सकाळी सरावाआधी तीन उड्या मोजल्या आणि एखाद्या आठवड्यात आकडा नेहमीपेक्षा स्पष्टपणे खाली आला, तर पाय थकलेले आहेत असे धरून त्या दिवशीचा भार कमी करता येतो. एक पथ्य मात्र पाळावे: उतरताना गुडघे दुमडून घेतले तर हवेतला वेळ खोटा वाढतो, म्हणून पाय सरळ ठेवूनच टेकायला सांगावे.

गोलंदाजीच्या चित्रणासाठी कॅमेरा पॉपिंग क्रीजच्या (पुढचा पाय जिथे टेकतो त्या रेषेच्या) बरोबर रेषेत, बाजूला, तिपाईवर, कमरेच्या उंचीला असावा. किनोव्हिया नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, त्यात गुडघ्याचा कोन काढता येतो. पण बाजूने काढलेल्या चित्रात धडाचा पीळ कळत नाही, आणि कॅमेरा थोडा तिरका असला तरी कोन चुकतो. म्हणून खांद्यांचा पीळ मोबाइलवर अंशांत मोजून कोणाचीही शैली बदलू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ओपनकॅप नावाची व्यवस्था केली आहे, तिच्यात दोन आयफोनच्या चित्रणावरून शरीराची त्रिमितीय हालचाल काढता येते. एखाद्या महाविद्यालयाने पुढाकार घेतला तर आपल्या मैदानांसाठी हे आवाक्याबाहेरचे नाही.

मैदानावरचा_मास्तर

शैली बदलण्याबद्दल तुम्ही लिहिलेत ते फार मोलाचे आहे. पूर्वी सगळा भर मिश्र शैलीवर, म्हणजे कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला असण्यावर होता. मागचा पाय टेकल्यापासून पुढचा पाय टेकेपर्यंत खांदे तीस-चाळीस अंशांहून जास्त उलटे फिरत असतील तर पाठीला धोका, असे आम्ही शिकलो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातले अलीकडचे काम पुढचा पाय टेकताना कंबर किती मागे मुडपलेली आहे आणि मागचा पाय टेकताना नितंबाचा सांधा कसा आहे, याला अधिक महत्त्व देते. तिथल्याच २०१३ च्या अभ्यासात वीस गोलंदाजांच्या वेगातला सुमारे तीन चतुर्थांश फरक चार गोष्टींनी उलगडला होता: रनअपचा वेग, चेंडू सुटताना पुढच्या गुडघ्याचा सरळपणा, धडाचे पुढे झुकणे आणि हात उशिरा येणे.

इथेच प्रशिक्षकाची खरी कोंडी आहे. पुढचा गुडघा सरळ राहिला की वेग मिळतो, आणि गुडघा सरळ राहिला की जमिनीचा धक्का न विरता थेट कमरेत जातो. वेग देणारी आणि पाठ मोडणारी गोष्ट एकच आहे. चौदा वर्षांच्या मुलाला मी आता "गुडघा ताठ ठेव" असे सांगणे बंद केले आहे. त्याच्या पायात आणि पोटाच्या स्नायूंत तेवढे बळ आले की तो गुडघा आपसूक कमी वाकू लागतो, असा माझा अनुभव आहे.

लालबागची_चढाई

मी मुलींना कबड्डी शिकवते. आमच्याकडे पाठ क्वचित, गुडघे मात्र वारंवार जातात. चढाई करून मध्यरेषेकडे परत फिरताना, एका पायावर वळताना, किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत पडतो आणि पुढचा अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तुटतो. बऱ्याच वेळा कोणी धरलेलेही नसते. आवाज येतो, मुलगी खाली बसते आणि तिचा चेहरा पाहून आम्हाला कळते. मातीवरून मॅटवर आल्यापासून पाय सरकत नाही, तो चिकटतो. शरीर वळते आणि तळवा तिथेच राहतो. मातीवर चुकलेले पाऊल घसरून सुटून जायचे, मॅटवर तो सगळा पीळ गुडघ्याला सोसावा लागतो.

चित्रफितींचा अभ्यास करणाऱ्या नॉर्वेतल्या संशोधकांनी दाखवले आहे, की पाय टेकल्यानंतर सुमारे ४० मिलिसेकंदांतच हा अस्थिबंध तुटतो. माणसाची जाणीवपूर्वक प्रतिक्रिया एवढ्या वेळात होऊच शकत नाही. म्हणून "सांभाळून उतर" असे बाजूने ओरडण्याचा काहीही उपयोग नाही. पाय टेकण्याआधीच स्नायू सज्ज असावे लागतात, आणि ते रोजच्या सरावानेच होते. फुटबॉलसाठी तयार केलेला फिफा ११+ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर तपासला गेला, तेव्हा गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. त्यात यंत्र कसलेच लागत नाही.

मी तो कबड्डीला साजेसा करून घेतला आहे. फक्कीने एक रेषा आखते. मुलगी रेषेवरून बाजूला उडी मारते, एका पायावर उतरते आणि मनात तीन आकडे मोजेपर्यंत तशीच थांबते. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या सरळ वर राहिला पाहिजे. जोडीची मुलगी समोर बसून फक्त त्या गुडघ्याकडे पाहते आणि तो आत गेला की "आत" एवढेच म्हणते. पहिल्या आठवड्यात सगळे मैदान "आत, आत" या आवाजाने भरलेले असते. सहाव्या आठवड्यात तो शब्द क्वचित ऐकू येतो. त्या मुली स्वतः एकमेकींचे पाहू लागतात, हा मला सगळ्यांत मोठा लाभ वाटतो.

प्रियदर्शिनी_ट्रॅक

धावण्याबद्दल थोडे. वेग म्हणजे पाय भराभर हलवणे ही समजूत इथेही खोल आहे. पीटर वेयँड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले, की वेगवान आणि संथ धावणारे आपापल्या कमाल वेगाला पाय हवेत पुढे आणायला जवळपास सारखाच वेळ घेतात. फरक पडतो तो जमिनीला किती जोराने दाबले यात. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावताना अवघी ४१ पावले टाकली होती. कमाल वेगाला पाऊल जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी काळ टिकते, आणि स्नायूला पूर्ण ताकद लावायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणून धावपटूला नुसती ताकद पुरत नाही, ती तेवढ्या क्षणात लावता यावी लागते, आणि त्यासाठी वजनांबरोबर उड्यांचा सराव लागतो.

हॅमस्ट्रिंग जाते ती बहुधा पाय जमिनीवर असताना नव्हे, पाय पुढे झेपावून टेकण्याच्या बेतात असताना. त्या वेळी मांडीच्या मागचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी पुढे निघालेल्या पायाला ब्रेक लावत असतो. म्हणून त्याला ताणत असतानाच ताकद लावण्याची सवय हवी. गुडघ्यांखाली दुमडलेला टॉवेल घ्यावा, जोडीदाराने घोटे घट्ट धरावेत, आणि गुडघ्यांपासून खांद्यांपर्यंत शरीर एका रेषेत ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकत जावे; सावरता येईना तेव्हा हात टेकावेत. याला नॉर्डिक म्हणतात. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर दहा आठवड्यांचा हा क्रम तपासला गेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या दुखापती सुमारे ६० टक्क्यांनी आणि पुन्हा होणाऱ्या सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन फेरे एवढेच करावे. उत्साहाने जास्त केले तर दोन दिवस जिना उतरता येत नाही आणि मुले तो व्यायाम कायमचा सोडून देतात, हे मी पाहिले आहे.

नवा_पालक_बोरिवली

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. वजने उचलली तर उंची खुंटते असे आमच्या घरात सर्वांचे ठाम मत आहे. त्याला ताकदीचा सराव द्यावा का?

दादरची_फिजिओ

द्यावा. शिकवणारा जाणता असेल आणि वजन हळूहळू वाढवले जात असेल, तर उंची खुंटत नाही. असा विचार करा: तो रनअप घेऊन पुढचा पाय टेकवतो तेव्हा त्याच्या अंगावर येणारा भार तो व्यायामशाळेत उचलेल त्यापेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि त्याबद्दल घरात कोणालाही भीती वाटत नाही. २०१४ मध्ये पंचवीस चाचण्या आणि सव्वीस हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ताकदीच्या सरावाने दुखापती घटून एक तृतीयांशाहूनही कमी उरल्या होत्या. नुसत्या स्ट्रेचिंगने मात्र संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. सुरुवातीला आपल्या बैठका, जोर, एका पायावरची बैठक, आडवे राहून पोट घट्ट धरणे एवढे पुरे. मुलगे साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने उंच होतात. त्या वर्षात दर महिन्याला दाराच्या चौकटीवर त्याची उंची पेन्सिलीने नोंदवा, आणि खुणांमधले अंतर एकदम वाढले की तेवढे महिने गोलंदाजी कमी करा. त्या काळात हाडे स्नायूंच्या पुढे धावत असतात.

मैदानावरचा_मास्तर

मी आज एक काम केले, ते कळवतो. वहीऐवजी जाड पुठ्ठ्याचे कार्ड तयार केले, खिशात मावेल एवढे. सात दिवसांचे सात आडवे रकाने. उभ्या रकान्यांत शाळा, क्लब, शिकवणी, इतर आणि शेवटी बेरीज. कार्ड मुलाकडे राहते. जो कोणी त्याच्याकडून गोलंदाजी करून घेईल, त्याने चेंडू लिहून सही करायची. खाली एकच प्रश्न: "आज कुठे दुखले? बोट ठेवून दाखव." चौदा मुलांना दिली आहेत. दोन शाळांच्या सरांना मी स्वतः जाऊन भेटलो. एकांनी लगेच होकार दिला, दुसऱ्यांना वाटले की मी त्यांच्या संघात ढवळाढवळ करतो आहे. त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी ४०८ चा तो हिशेब बरोबर नेणार आहे.

"इतर" या रकान्यात सोसायटीतल्या टेनिस चेंडूच्या सामन्यांचे चेंडू धरावेत का, असे एका मुलाने विचारले. चेंडू हलका असला तरी पाय तितक्याच जोराने आपटतो, म्हणून मी धरायला सांगितले. फिजिओताई, चुकत असेन तर सांगा.

दादरची_फिजिओ

बरोबर सांगितलेत. मणक्याला चेंडूचे वजन कळत नाही. सोसायटीत तर बहुधा सिमेंटवर खेळतात आणि पायांत साधे बूट असतात, तेव्हा तो रकाना काटेकोरपणे भरून घ्या. सीमारेषेवरून केलेल्या जोराच्या थ्रोंसाठीही एक रकाना ठेवा. खांद्याची तक्रार घेऊन येणारी बरीच मुले गोलंदाजी कमी आणि थ्रो जास्त केलेली असतात.

वसईची_आई

मास्तर, त्या कार्डाचा फोटो इथे टाकाल का? डॉक्टरांनी पुढच्या सोमवारपासून बारा चेंडूंची परवानगी दिली आहे, चालत येऊन टाकायचे. पहिली ओळ आम्ही त्याच कार्डावर लिहू. त्याचे वडील सही करणार आहेत.

मैदानावरचा_मास्तर

ताई, फोटो आज रात्री टाकतो. एक कोरे कार्ड तुमच्यासाठी बाजूला ठेवले आहे. चर्चगेटला याल तेव्हा क्रॉस मैदानावर घ्या. बाराच टाकू द्या. तेरावा मागेल, तो देऊ नका.